२१४७४८३६४७ ही संख्या मूळ आहे, हे कसं कळलं?

हिंजवडीत किंवा खराडीत कोड लिहिणाऱ्या कुणालाही २१४७४८३६४७ हा आकडा दाखवा, बहुतेक जण तो लगेच ओळखतील. जावासारख्या संगणक भाषेत ‘इंट’ (पूर्णांक) प्रकारच्या चलात मावणारी ही सगळ्यात मोठी संख्या. आपल्या पद्धतीने वाचायची तर दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. रोज हिच्याशी संबंध येणाऱ्यांनाही हिची दुसरी ओळख सहसा नसते: ही मूळ संख्या आहे. १ आणि स्वतः सोडून हिला कशानेच पूर्ण भाग जात नाही. आणि हे सिद्ध झालं १७७२ मध्ये, हातातल्या लेखणीने, संगणकाच्या कितीतरी आधी.

मी नववी-दहावीच्या मुलांना गणित शिकवते. ही संख्या फळ्यावर लिहिली की प्रश्न हमखास येतो: “ताई, पण सगळ्या संख्यांनी भागून कोणी बघितलं?” प्रश्न अगदी बरोबर आहे. कुणी सगळ्यांनी भागून बघितलं नाही, आणि तशी गरजही नव्हती. का नव्हती, तेच या लेखात सांगायचं आहे. मला यातलं गणित फार सुंदर वाटतं आणि ते दहावीच्या मुलाला झेपेल इतकं सोपंही आहे.

आधी शाळेतलीच युक्ती घेऊ. एखादी संख्या दोन संख्यांचा गुणाकार असेल, तर त्यातली लहान संख्या वर्गमूळापेक्षा मोठी असू शकत नाही. आपल्या संख्येचं वर्गमूळ ४६३४० च्या किंचित पुढे आहे. म्हणजे ४६३४० पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं की पुरे. अशा मूळ संख्या आहेत ४७९२. मोबाइलला हे काम डोळ्याचं पातं लवायच्या आत जमतं. माणसाला मात्र दहा आकडी संख्येचे पावणेपाच हजारांहून जास्त भागाकार करायचे, तेही एकही न चुकता. कारण एक भागाकार चुकला तरी निकालावर विश्वास ठेवता येत नाही.

इथे संख्येची ठेवण कामाला येते. ही संख्या म्हणजे २^३१ − १. २ ला २ ने गुणत जायचं, एकतीस दोन झाले की थांबायचं आणि १ वजा करायचा. संगणकाच्या द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ हे अंक वापरून, ती लिहिली तर ओळीने एकतीस वेळा १ येतो, शून्य कुठेच नाही. आपल्या दशमान पद्धतीत तिच्या अंकांत काही नक्षी दिसत नाही, पण त्यात संख्येचा दोष नाही, लिहायच्या पद्धतीचा आहे. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेल्या द. रा. कापरेकरांनी ६१७४ या संख्येचा गुणधर्म शोधला. तो दशमान अंकांच्या उलटापालटीवर उभा आहे, पद्धत बदलली की तो तसाच राहत नाही. मूळ असणं तसं नाही. कोणत्याही पद्धतीत लिहा, मूळ संख्या मूळच राहते. फक्त योग्य पद्धतीत लिहिली की आतली ठेवण उघडी पडते.

पहिली गोष्ट तर लगेच दिसते. एकांची संख्या फोडता येत असेल, तर ती संख्याही फुटते. सहा एक घेतले, १११ १११, तर त्यांचे तीन-तीनचे दोन गट पडतात, म्हणून १११ ने, म्हणजे आपल्या ७ ने, भाग जातो: ६३ = ७ × ९. पंधरा एकांची संख्या ३२७६७, तिला ७ ने आणि ३१ ने भाग जातो. म्हणून २^न − १ मूळ हवी असेल तर ‘न’ आधी मूळ हवा. ३१ मूळ आहे, पहिली अट पूर्ण झाली. पण तेवढ्याने भागत नाही. ११ सुद्धा मूळ आहे, तरी २^११ − १ = २०४७ = २३ × ८९.

या २०४७ पाशी जरा थांबू, कारण सगळी किल्ली इथेच आहे. २३ तासांचं एक घड्याळ कल्पा. २३ झाले की पुन्हा शून्य. त्यावर १ पासून सुरू करा आणि दर वेळी दुप्पट करा. २, ४, ८, १६. पुढे ३२, पण त्यातून २३ गेले, उरले ९. मग १८, मग ३६ मधून २३ जाऊन १३. असंच पुढे ३, ६, १२ आणि २४ चे १. अकरा पावलांत आपण परत १ वर आलो. हे व्हायलाच हवं होतं, कारण २३ ने २^११ − १ ला भाग जातो, म्हणजे २^११ ला २३ ने भागलं तर बाकी १.

या फेऱ्यात अकरा संख्या आल्या: १, २, ४, ८, १६, ९, १८, १३, ३, ६, १२. घड्याळावर शून्य सोडून एकूण बावीस संख्या आहेत. राहिलेल्यांचं काय? त्यातली एक घ्या, ५, आणि तिला दुप्पट करत जा: ५, १०, २०, १७, ११, २२, २१, १९, १५, ७, १४, आणि पुन्हा ५. हाही अकरांचाच फेरा, आणि पहिल्यातली एकही संख्या यात नाही. दोन फेऱ्यांत बावीसच्या बावीस संख्या संपल्या. मुलांना मी हे कागदावर स्वतः करायला लावते. दुसरा फेरा बरोबर अकराव्या पावलाला बंद होतो तेव्हा वर्गात जी शांतता होते, तिच्यासाठी मी हा धडा दर वर्षी घेते.

हा योगायोग नाही. घड्याळ मूळ संख्येचं असेल तर सगळे फेरे सारख्याच लांबीचे पडतात, कारण दुसरा फेरा म्हणजे पहिल्याच फेऱ्यातल्या प्रत्येक संख्येला ५ ने गुणलेलं रूप. म्हणून फेऱ्याच्या लांबीने २२ ला पूर्ण भाग जायलाच हवा.

आता हेच आपल्या संख्येला लावा. समजा २^३१ − १ ला ‘क’ या मूळ संख्येने भाग जातो. मग ‘क’ तासांच्या घड्याळावर ३१ पावलांत आपण १ वर परत येतो. फेऱ्याची लांबी ३१ ची विभाजक असणार, आणि ३१ मूळ असल्याने ती १ किंवा ३१ एवढीच असू शकते. लांबी १ असती तर दुप्पट करूनही १ च राहिला असता, ते अशक्य. म्हणून लांबी नेमकी ३१. सगळे फेरे ३१ चे, म्हणून क − १ ला ३१ ने भाग जातो. शिवाय ‘क’ विषम आहे, म्हणून क − १ सम. दोन्ही मिळून: ‘क’ ला ६२ ने भागलं तर बाकी १ च उरणार. ३, ५, ७, ११, १३ या नेहमीच्या संख्यांनी भागून बघायची गरजच राहिली नाही. त्या सगळ्या एका फटक्यात बाद.

अजून एक चाळणी आहे. त्याच घड्याळावर २^३२ ची बाकी २ येते. पण २^३२ हा २^१६ चा वर्ग. म्हणजे त्या घड्याळावर २ ही वर्गसंख्या आहे. ज्या विषम मूळ संख्यांच्या घड्याळावर २ वर्गसंख्या असते, त्यांना ८ ने भागलं तर बाकी १ किंवा ७ येते. हा जुना, पक्का सिद्ध झालेला नियम आहे; सिद्धता थोडी लांब आहे म्हणून इथे घेत नाही. दोन्ही चाळण्यांतून गाळलं की उमेदवार उरतात ते फक्त २४८ च्या पाढ्याला १ किंवा ६३ मिळवून येणारे.

स्विस गणितज्ञ लिओनार्ड ऑयलरने नेमकं हेच केलं. तेव्हा तो सेंट पीटर्सबर्गला होता आणि त्याची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. ४६३४० च्या आतले असे उमेदवार मोजले तर ६३ सोडून ३७२ भरतात, आणि त्यातलेही बरेचसे मूळ नसल्याने आपोआप गळतात. २४९ ला ३ ने भाग जातो, ४९७ ला ७ ने, ५५९ ला १३ ने. पहिला खरा उमेदवार ३११: भागाकार ६९०५०९२, बाकी ३५. पुढचा खरा उमेदवार थेट १३०३, बाकी २२६. असं करत शेवटपर्यंत गेलं तरी बाकी कधीच शून्य येत नाही. १७७२ मध्ये बर्नोलीला लिहिलेल्या पत्रात ऑयलरने ही संख्या मूळ असल्याचं कळवलं.

त्याच्या आधीची हकिगतही सांगायला हवी. इटलीच्या काताल्दीने १५८८ मध्ये २^१७ − १ आणि २^१९ − १ मूळ असल्याचं दाखवलं होतं, आणि पुढे २३, २९, ३१, ३७ हे घातांकही चालतील असं म्हटलं होतं. त्यातला फक्त ३१ बरोबर निघाला. २^२३ − १ ला ४७ ने भाग जातो, २^३७ − १ ला २२३ ने (या दोन्ही फर्माने दाखवल्या) आणि २^२९ − १ ला २३३ ने (ही ऑयलरने). वरच्या चाळण्या या तिघींना लावून बघा. तिन्ही वेळा चाळणीतून उरणारी पहिलीच मूळ संख्या तिला भागून टाकते! काताल्दीला या चाळण्या माहीत असत्या तर तिन्ही चुका काही मिनिटांत सापडल्या असत्या. अशा संख्यांना ज्याचं नाव आहे, तो फ्रेंच धर्मगुरू मर्सेन, त्याच्या १६४४ च्या यादीतही ३१ होता. पण ६७ आणि २५७ चुकून होते, आणि ६१, ८९, १०७ राहून गेले होते.

ऑयलरच्या सिद्धतेतून आणखी एक गोष्ट हाती आली. ६ चे स्वतःहून लहान विभाजक १, २, ३, त्यांची बेरीज ६. २८ चे १, २, ४, ७, १४, बेरीज २८. अशा परिपूर्ण संख्या आणि मर्सेन मूळ संख्या यांची जोडी युक्लिडपासून माहीत आहे: २^३० ला २^३१ − १ ने गुणलं की २३०५८४३००८१३९९५२१२८ ही परिपूर्ण संख्या मिळते. १८११ मध्ये पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाने लिहून ठेवलं की हीच कायमची सगळ्यात मोठी राहील, कारण अशा संख्यांचा उपयोग काही नाही, तेव्हा यापुढची शोधायच्या फंदात कोणी पडणार नाही. १८७६ मध्ये एदुआर ल्युकाने २^१२७ − १ ही ३९ अंकी संख्या मूळ असल्याचं दाखवलं.

ल्युकाची युक्ती ऑयलरच्याही पुढची आहे, कारण तिच्यात उमेदवार शोधावेच लागत नाहीत. लेमरने १९३० च्या सुमारास तिला आजचं सुटसुटीत रूप दिलं. ४ पासून सुरुवात करायची. वर्ग करायचा, २ वजा करायचे, आणि तपासायच्या संख्येने भागून बाकी घ्यायची. हेच पुन्हा पुन्हा. घातांकापेक्षा दोन कमी इतकी पावलं झाली की शेवटी शून्य आलं तर संख्या मूळ, नाही आलं तर नाही. १२७, म्हणजे २^७ − १, घेऊन पाहा. ४ चं १४. १४ चं १९४, बाकी ६७. ६७ चं ४४८७, बाकी ४२. ४२ चं १७६२, बाकी १११. १११ चं १२३१९, आणि १२३१९ म्हणजे बरोबर १२७ × ९७. पाच पावलं, शेवटी शून्य. २१४७४८३६४७ साठी अशी २९ पावलं पुरतात. ऑयलरच्या ढीगभर भागाकारांच्या जागी एकोणतीस वर्ग.

या चाचणीचं एक वैशिष्ट्य विसरू नये. उत्तर ‘मूळ नाही’ असं आलं तरी अवयव कोणते, ते ती सांगत नाही. ल्युकाने २^६७ − १ मूळ नाही हे दाखवलं, पण तिचे अवयव कोलने १९०३ मध्ये दिले: १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. मूळ आहे का हे ठरवणं आणि अवयव पाडणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसरं कितीतरी अवघड आहे. २००२ मध्ये कानपूर आयआयटीच्या अग्रवाल, कयाल आणि सक्सेना यांनी कोणत्याही संख्येचं मूळपण झपाट्याने ठरवता येतं हे सिद्ध केलं. अवयवांसाठी असा मार्ग आजच्या संगणकांवर अजून कुणालाही सापडलेला नाही, आणि बँकेच्या व्यवहारांची बरीचशी सुरक्षितता याच फरकावर उभी आहे.

आज माहीत असलेली सगळ्यात मोठी मूळ संख्या २^१३६२७९८४१ − १ याच ल्युका-लेमर चाचणीने पक्की झाली. १२ ऑक्टोबर २०२४ ला. तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. ती शोधणारा ल्यूक ड्युरंट, १९९६ पासून चाललेल्या ‘गिम्प्स’ या स्वयंसेवी शोधमोहिमेतला. अशा बातम्यांत ‘यामुळे पासवर्ड अधिक सुरक्षित होतील’ असं वाचायला मिळतं, ते खरं नाही. गुप्त ठेवायच्या मूळ संख्या साधारण तीनशे अंकी असतात आणि कुणालाही माहीत नसाव्या लागतात. ही तर साऱ्या जगाला माहीत आहे.

आता परत आपल्या संगणकातल्या संख्येकडे. बिट म्हणजे ० किंवा १ लिहायची एक जागा. ३२ बिटांपैकी एक बिट चिन्हासाठी जातो, उरलेल्या ३१ मध्ये सगळीकडे १ भरला की २१४७४८३६४७. ती मूळ निघाली यात संगणक घडवणाऱ्यांचा काही हेतू नव्हता. ८ बिटांची मर्यादा १२७ मूळ आहे, १६ बिटांची ३२७६७ नाही, ३२ बिटांची आहे, ६४ बिटांची पुन्हा नाही: ६३ एकांचे तीन-तीनचे गट पडतात, म्हणून तिला ७ ने भाग जातो. जुन्या प्रणाली १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद याच ३२ बिटांत मोजतात. तो हिशोब १९ जानेवारी २०३८ ला, मंगळवारी, आपल्या सकाळच्या ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी या संख्येवर पोचेल, आणि पुढच्या सेकंदाला दुरुस्ती न झालेल्या यंत्राला वाटेल की १९०१ चा डिसेंबर आहे. त्याला कारण ३२ बिटांची मर्यादा आहे, संख्येच्या मूळपणाचा त्यात काही वाटा नाही.

मूळपणाचा खरा उपयोग झाला तो वेगळ्याच ठिकाणी: संगणकाकडून यादृच्छिक वाटणाऱ्या संख्या मिळवताना. २१४७४८३६४७ तासांच्या घड्याळावर २ चा फेरा अगदी छोटा असतो, जेमतेम ३१ पावलांचा. पण ७ चा, म्हणजे दर वेळी दुपटीऐवजी ७ ने गुणत जाण्याचा, फेरा पूर्ण लांबीचा आहे: १ पासून निघालं तर शून्य सोडून सगळ्या, म्हणजे २१४७४८३६४६ संख्यांना भेट दिल्याशिवाय तो बंद होत नाही. ७ चा पाचवा घात १६८०७ यालाही हा गुण आहे, कारण ५ ने २१४७४८३६४६ ला भाग जात नाही. १९६९ मध्ये आयबीएमच्या यंत्रांसाठी हीच जोडी निवडली गेली, आणि १९८८ मध्ये पार्क आणि मिलर यांनी तिला किमान दर्जाचं माप म्हणून सुचवलं. १ ला १६८०७ ने गुणा: १६८०७. पुन्हा गुणा: २८२४७५२४९. पुन्हा गुणून बाकी घ्या: १६२२६५००७३. दोन-चार पावलांतच क्रम ओळखू येईनासा होतो. आजच्या गरजांना ही पद्धत अपुरी आहे आणि गुप्ततेच्या कामाला तर मुळीच चालत नाही, पण सी++ या संगणक भाषेसोबत मिळणाऱ्या तयार कोडच्या प्रमाणित संचात ती अजूनही आहे. पुण्यात बसून चार ओळींत चालवून बघता येते.

जाता जाता एक साखळी. ५ मूळ, २^५ − १ = ३१ मूळ, २^३१ − १ मूळ. मग २^२१४७४८३६४७ − १? तिच्यात चौसष्ट कोटींहून जास्त अंक आहेत. तरी ती मूळ नाही हे ठाऊक आहे आणि तिचा एक अवयवही सापडला आहे: २९५२५७५२६६२६०३१. त्यातून १ वजा करा आणि २१४७४८३६४७ च्या दुपटीने भागा. उत्तर येतं बरोबर ६८७४५, बाकी शून्य. ८ ने भागून पाहा, बाकी ७. ऑयलरच्या त्याच दोन चाळण्या. दुसरी एक साखळी ३, ७, १२७ अशी ल्युकाच्या २^१२७ − १ पर्यंत जाते आणि तिथपर्यंत सगळ्या संख्या मूळ आहेत. तिच्या पुढची संख्या इतकी मोठी आहे की ल्युका-लेमर चाचणी तिच्यावर चालवणं अशक्य आहे. उरतो तो एकच रस्ता: २^१२७ − १ च्या दुपटीच्या पाढ्यात १ मिळवत जायचं, ८ ने भागून बाकी १ किंवा ७ येते का पाहायचं, आणि भागून बघायचं. हे काम चालू आहे. अजून एकाही उमेदवाराने तिला भाग गेलेला नाही.